सामन्याचा मूड मोजायचा, तर खर्च किती?

१ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नाणेफेक घ्यायला आलेल्या समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक याच हार्दिकने टाकलं आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर झाला.

मैदानावरचा हा पालट सगळ्यांनी पाहिला. मोबाइलवर मात्र तो रोज, तासातासाने लिहिला जात होता. तो मोजता येतो. म्हणूनच आता क्रीडा पत्रकार, जिल्हा संघटनांचे पदाधिकारी, जर्सीवर नाव छापणारे स्थानिक प्रायोजक आणि संख्याशास्त्र किंवा पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी एकच चौकशी करतात: लोक आमच्या खेळाबद्दल, आमच्या संघाबद्दल काय बोलतात याचा अंदाज घ्यायचा असेल, तर किती पैसे लागतील? त्यांना मिळणारी उत्तरं 'फुकटात होतं' पासून 'दोन-चार लाख तरी धरा' पर्यंत काहीही असतात. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. कुठले पैसे कशासाठी जातात हे समजलं, की आपल्याला त्यातलं किती हवं ते ठरवता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. मराठीत हे काम करायचं असेल, तर पैशांचा मोठा वाटा कॉमेंट वाचणाऱ्या माणसांवर खर्च करा. रंगीत डॅशबोर्डवर आणि महागड्या वर्गणीवर तो घालवू नका.

आधी प्रश्न कागदावर लिहा

'लोकांचा मूड काय आहे' हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याचं उत्तर कुणाच्याच कामाचं नसतं. कबड्डीचं उदाहरण घेऊ. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. ३१ ऑक्टोबर २०२५ ला त्याच पलटणने दबंग दिल्लीकडून ३१-२८ ने अंतिम सामना गमावला. दोन्ही अंतिम सामने तीनच गुणांनी सुटले. आता प्रश्न असा घालता येतो: तीन गुणांनी जिंकल्यावर मराठी प्रेक्षक कोणाचं कौतुक करतो, आणि तीन गुणांनी हरल्यावर कोणाला बोल लावतो? चढाईपटूला, बचावाला, प्रशिक्षकाला की पंचांना?

असा प्रश्न हातात असला की खर्च निम्म्याने उतरतो. दोन सामने, ठरावीक दिवस, ठरावीक व्हिडिओ आणि मराठी मजकूर एवढंच गोळा करायचं. वर्षभराचं सगळं जमवून मग त्यात काही सापडतं का पाहू, असं म्हणणाऱ्याचे पैसे साठवणीत आणि साफसफाईत जातात.

मजकूर कुठून आणि केवढ्याला

मराठी क्रीडारसिक सगळ्यात मोकळेपणाने लिहितो तो यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये, आणि तिथला मजकूर अधिकृतपणे फुकट मिळतो. गूगलच्या यूट्यूब डेटा एपीआयवर, म्हणजे प्रोग्राममधून मजकूर मागवायच्या सोयीवर, प्रत्येक प्रकल्पाला रोज १०,००० एककं मोफत असतात. एका व्हिडिओच्या कॉमेंट मागवायला दर मागणीला १ एकक लागतं आणि त्यात जास्तीत जास्त १०० कॉमेंट येतात. म्हणजे कागदावर तरी दिवसाला दहा लाख कॉमेंटपर्यंत जाता येतं. छोट्या संघटनेला आयुष्यात लागणार नाहीत इतक्या या झाल्या.

घोळ होतो तो शोधाच्या मागणीत. 'कबड्डी' असा शब्द टाकून व्हिडिओ शोधायला लावले, की एका शोधाला १०० एककं उडतात. नवख्या मुलांचा दिवसाचा कोटा शंभर शोधांत संपतो आणि मग 'पैसे भरावे लागतील वाटतं' असा निरोप येतो. पैसे भरायची काही गरज नसते. व्हिडिओ हाताने शोधा, त्यांच्या लिंका एका तक्त्यात उतरवा आणि थेट त्या व्हिडिओंच्याच कॉमेंट मागवा. कोटा कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री नव्याने भरतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात दीड. काम त्या बेताने लावलं, तर सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कोटे एकाच बैठकीत वापरता येतात.

आणखी तीन बारकावे आहेत. कॉमेंटखालची उत्तरं या मागणीत थोडीच येतात, सगळी हवी असतील तर प्रत्येक कॉमेंटसाठी वेगळी मागणी करावी लागते. खरी भांडणं बहुधा उत्तरांतच चाललेली असतात, तेव्हा ती सोडू नका. थेट प्रक्षेपणाच्या बाजूला धावणारं चॅट हे कॉमेंटपेक्षा वेगळं असतं, ते नंतर या वाटेने मिळत नाही. आणि यूट्यूबच्या नियमांप्रमाणे असा मजकूर तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा, तर तो पुन्हा ताजा करून घ्यावा लागतो, नाहीतर पुसावा लागतो.

एक्सचं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरचं, चित्र एकदम उलट आहे. २०२१ पासून तिथे संशोधकांसाठी महिन्याला एक कोटी ट्वीटपर्यंत मोफत सोय होती. जगभरातल्या विद्यार्थ्यांनी खेळांवरचे प्रबंध त्यावरच लिहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये ही सोय बंद झाली. तेव्हा पैसे भरायची सगळ्यात स्वस्त योजना महिना १०० डॉलरची होती, २०२४ च्या अखेरीस ती २०० डॉलरची झाली आणि त्यात महिन्याला १५,००० पोस्ट वाचायची मुभा मिळाली. त्यावरची पायरी थेट महिना ५,००० डॉलरची होती. पुढे वापराप्रमाणे पैसे आकारायची पद्धतही त्यांनी आणली. इथले दर आणि योजना सारख्या बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीच दरपत्रक उघडून पाहा आणि त्याचं चित्र जपून ठेवा.

डॉलर ९० रुपये धरला, तर २०० डॉलरचे १८,००० रुपये होतात. परकीय चलनात कार्ड चालवलं की बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आणखी घेते. कर वेगळा. १५,००० पोस्टची मुभा पुरेपूर वापरली, तरी त्या योजनेत एक पोस्ट सव्वा रुपयाच्या आसपास पडायची. क्रिकेटच्या राष्ट्रीय चर्चेसाठी, निवड समितीवरच्या वादासाठी, पत्रकार आणि माजी खेळाडू काय म्हणतात यासाठी हे पैसे मोजायला हरकत नाही. मराठी कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीसाठी मी ते मोजणार नाही. तिथे त्या खेळांचा मराठी मजकूर इतका विरळ आहे, की भरलेल्या पैशातला बराचसा भाग हिंदी-इंग्रजी पोस्ट वाचण्यात जातो.

रेडिटवर क्रिकेटचा मोठा कट्टा आहे. बिगरव्यावसायिक वापराला मिनिटाला १०० मागण्यांपर्यंत पैसे पडत नाहीत. व्यावसायिक वापरासाठी २०२३ च्या उन्हाळ्यात हजार मागण्यांना २४ सेंट असा दर लागू झाला. पण तिथली भाषा इंग्रजी आणि वर्ग शहरी. परदेशी राहणाऱ्या भारतीयांचा सूर पकडायचा असेल तर उपयोगी.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामबाबत आशा कमी ठेवा. मेटाचं क्राउडटँगल हे साधन पत्रकारांच्या हक्काचं होतं, ते १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. त्याच्या जागी आलेली कंटेंट लायब्ररी विद्यापीठं आणि ना-नफा संस्थांच्या संशोधकांना अर्ज करून मिळते. तुमच्या स्वतःच्या पानावरच्या कॉमेंट मात्र तुमच्याच आहेत. संघटनेचं किंवा मंडळाचं पान असेल, तर त्या वाचायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट खासगी आहेत, तिथला मजकूर उचलायचा विचारही करू नका.

मशीनला आपलं मैदान कळत नाही

मजकूर हातात आला, की तो खूश आहे की नाराज हे ठरवायचं. इंग्रजीसाठी 'वेडर' नावाचं साधन २०१४ पासून फुकट आहे. त्यात शब्दांची यादी असते आणि प्रत्येक शब्दाला कमी-जास्त गुण दिलेले असतात. मराठी मजकुरावर ते चालत नाही, आणि आधी इंग्रजीत भाषांतर करून त्यातून काढलं तर निकाल फसवा येतो. मैदानावर कौतुकाचे शब्दच मारामारीचे असतात. 'धुतलं', 'फोडला', 'चोपलं', 'ठोकला', 'जाळ केला' या सगळ्याचा अर्थ माणसाला क्षणात लागतो, शब्दांची यादी त्यांना रागात किंवा हिंसेत ढकलते. कबड्डीत तर 'पकड', 'बाद', 'डू ऑर डाय' हे रोजचे तांत्रिक शब्द आहेत.

मराठीची स्वतःची सोय पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने केली आहे, आणि त्यासाठी त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यांनी २०२१ मध्ये 'महासेंट' हा मराठी ट्वीटचा, माणसांनी लेबल लावलेला संच खुला केला. पुढे त्याची मोठी आवृत्ती आली. तिच्यात चित्रपट परीक्षणं, सर्वसाधारण ट्वीट, दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षकं आणि राजकीय ट्वीट अशा चार क्षेत्रांतली प्रत्येकी १५,००० वाक्यं आहेत. त्यावर घडवलेली, भावना ओळखणारी मॉडेल कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. द्वेषपूर्ण मजकूर ओळखायला 'महाहेट' आहे, आणि रोमन लिपीतल्या मराठी-इंग्रजी मिसळीसाठीही त्यांनी मॉडेल केली आहेत. पण ती चार क्षेत्रं पुन्हा वाचा. त्यात खेळ नाही. राजकीय ट्वीटवर शिकलेलं मॉडेल कबड्डीच्या कॉमेंटवर सोडलं, तर ते अडखळणारच.

मोठ्या कंपन्यांच्या तयार सेवा स्वस्त दिसतात. अ‍ॅमेझॉनची कॉम्प्रिहेंड ही सेवा १०० अक्षरांच्या एककावर पैसे घेते आणि एका मजकुराला किमान तीन एककं धरते. हिशेब केला तर १०,००० लहान कॉमेंटना ३ डॉलर, म्हणजे पावणेतीनशे रुपये. पण तिच्या भावना ओळखण्याच्या भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. चॅटबॉटमागची मोठी भाषा-मॉडेल मराठी बऱ्यापैकी ओळखतात. त्यांचा खर्च मजकुराच्या तुकड्यांवर असतो, देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, तरीही १०,००० कॉमेंटना मॉडेलप्रमाणे पन्नास-शंभर रुपयांपासून हजारभर रुपयांपर्यंतच लागावेत. ही किंमत कुणाला जड जात नाही. अडचण वेगळी आहे: ते बरोबर सांगतंय की चूक, हे तपासणार कोण आणि कशाशी ताडून? त्यासाठी माणसांनी वाचलेल्या कॉमेंट हव्यात.

वाचणारी माणसं

इथे थोडं थांबून नीट पाहू. पराभवाच्या रात्री व्हिडिओखाली साधारण अशा तऱ्हेच्या कॉमेंट असतात: 'वा! शेवटच्या चढाईला बोनस घ्यायला निघाले, धन्य आहात.' 'रेफ्री कुणाचा माणूस होता?' 'हरलो तरी पलटणच.' 'तिकीट मिळालं नाही, घरी बसून बघितली, पण पोरांनी जाळ केला.'

पहिल्या कॉमेंटमधले 'वा' आणि 'धन्य' हे शब्द कौतुकाचे, पण रोख चढाईपटूवर संतापाचा. दुसरीत संघाबद्दल काहीच नाही, राग पंचांवर आहे. तिसरीत दुःखही आहे आणि निष्ठाही, तिला नुसतं 'नकारात्मक' म्हणून टाकलं तर त्या माणसावर अन्याय होतो. चौथीत दोन विषय आहेत: तिकीटविक्रीवर नाराजी, खेळावर खुशी. संयोजकांच्या दृष्टीने ही चौथी कॉमेंट सगळ्यात मोलाची, कारण तिच्यातली तक्रार पुढच्या हंगामात दूर करता येते.

म्हणून लेबल लावताना दोन रकाने ठेवा. एकात भावना: आनंद, अभिमान, निराशा, राग, काळजी, तटस्थ. दुसऱ्यात रोख कोणावर: खेळाडू, संघ, प्रशिक्षक, पंच, संयोजन, प्रक्षेपण. एका कॉमेंटमध्ये दोन रोख असतील तर दोन ओळी करा. उपरोधाला वेगळी खूण द्या. चित्रचिन्हं पुसू नका. रडका चेहरा खेळाच्या कॉमेंटमध्ये पुष्कळदा आनंदाने दिलेला असतो, आणि जोकरचा चेहरा सहसा कौतुकाने येत नाही.

वाचणारे तीन जण घ्या. एक जण तरी तो खेळ स्वतः खेळलेला असावा, आणि एक जण कोल्हापूर-सांगलीकडचा किंवा विदर्भातला, म्हणजे बोलीतल्या खाचाखोचा सुटणार नाहीत. 'नाद खुळा' आणि 'बेक्कार' यांचा सूर पुण्यात बसून प्रत्येकाला लागतोच असं नाही. तिघांनी पहिल्या २०० कॉमेंट एकमेकांना न विचारता वाचायच्या, मग एकत्र बसून जिथे मतं जुळली नाहीत तिथे नियम लिहायचा. मतं किती जुळतात हे मोजायला कप्पा नावाचा निर्देशांक आहे, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला. तो दोघांची मतं ताडतो, म्हणून इथे तीन जोड्या होतील. एखाद्या जोडीचा आकडा ०.६ च्या खाली आला, तर पुढे जाऊ नका, नियम पुन्हा लिहा.

एका कॉमेंटला पंधरा सेकंद धरली, तर २,००० कॉमेंटना साडेआठ तासांच्या आसपास लागतात. विश्रांती आणि चर्चा धरून माणशी ११ तास. कुणालाही सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका. पराभवानंतरचा मजकूर वाचणं सोपं नसतं. ४ सप्टेंबर २०२२ ला दुबईत पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला आणि त्यानंतर त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते आठवलं तर हे काम करणाऱ्या मुलामुलींची काळजी का घ्यायची ते वेगळं सांगावं लागणार नाही. महिला क्रिकेटवरच्या कॉमेंट वाचायला देताना तर आधी बजावून सांगा आणि ज्याला नको त्याला ते काम देऊ नका. या कामाला 'इंटर्नशिप' म्हणून फुकट राबवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती बंद व्हायला हवी.

जिल्ह्याजिल्ह्याचा नकाशा हवाच का?

मूडचा नकाशा म्हटलं, की महाराष्ट्राचे ३६ जिल्हे हिरव्या-तांबड्या रंगांत दाखवावेत असं प्रत्येकाला वाटतं. बैठकीत तो छान दिसतो. त्यावर पैसे घालवू नका, असं मी स्पष्ट सांगेन. यूट्यूबच्या कॉमेंटला ठिकाण नसतंच. ट्विटरवरही ठिकाणाची खूण असलेल्या पोस्ट शेकड्यात एक-दोनच असायच्या, आणि २०१९ मध्ये अचूक ठिकाण जोडायची सोय त्यांनी काढून टाकली. प्रोफाइलवर 'सातारा' लिहिलेला माणूस दुबईत नोकरी करत असतो. असल्या मोजक्या नोंदींवर गडचिरोलीचा रंग ठरवायचा आणि तो संघटनेच्या सभेत दाखवायचा, हे गडचिरोलीच्या खेळाडूंशी प्रामाणिक वागणं नाही.

त्याऐवजी वेळेचा आलेख काढा. खर्च शून्य आणि उपयोग मोठा. कॉमेंटची वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, तिच्यात साडेपाच तास मिळवायला विसरू नका, नाहीतर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा सगळा संताप आदल्या दिवसाच्या खात्यात पडतो. क्रिकेटचे चेंडूगणिक तपशील क्रिकशीट या ठिकाणी मोफत मिळतात, पण त्यात प्रत्येक चेंडूची घड्याळी वेळ नसते. ती सामना पाहताना कुणीतरी वहीत टिपावी लागते. बळी कधी पडला, झेल कधी सुटला, सामना कधी फिरला. त्या टिपणाशेजारी कॉमेंटचा आलेख ठेवला, की लोकांचा राग नक्की कुठल्या क्षणी उसळला ते दिसतं. त्यासाठी साधं स्प्रेडशीट पुरतं. देखणा आलेख हवा तर डेटारॅपरची मोफत योजना आहे, आणि नकाशाच करायचा असेल तर क्यूजीआयएस पूर्ण फुकट आहे.

तीन खिशांचे तीन हिशेब

मनुष्यबळाचे दर गावाप्रमाणे बदलतात. मी धरलेले दर खाली दिले आहेत, तुमच्या गावचे घालून बेरीज पुन्हा करा.

पहिला हिशेब जवळजवळ फुकटचा. एकाच सामन्याबद्दल एकच प्रश्न असेल, तर जमलेल्या सगळ्या कॉमेंटमधून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ३८५ उचला. दोघांनी वाचा. शेकडेवारीत पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेला ही संख्या पुरते. तीन टक्क्यांची अचूकता हवी तर १,०६७ वाचा. मूळ कॉमेंट पाच हजार असोत की पाच लाख, या आकड्यात विशेष फरक पडत नाही. अट एकच: निवड खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी हवी. सगळ्यात वर दिसणाऱ्या, जास्त लाइक मिळालेल्या कॉमेंट घेतल्या तर सगळं वाया. दोघांचे मिळून चार-पाच तास आणि चहापाणी. बातमीसाठी किंवा मंडळाच्या सभेसाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दुसरा हिशेब हंगामभराचा, २०,००० कॉमेंटचा. त्यातल्या २,००० माणसांनी वाचायच्या, त्यांवर मराठी मॉडेल खेळासाठी पुन्हा शिकवायचं आणि उरलेल्या त्याच्याकडून वाचून घ्यायच्या. तिघांचे मिळून साधारण ३३ तास, ताशी २०० रुपयांनी ६,६०० रुपये. जिथे तिघांचं जुळलं नाही तिथे निवाडा देणारा खेळाचा जाणकार, पाच तास, ताशी ५०० ने २,५०० रुपये. संगणकाचं काम जाणणारी व्यक्ती पाच दिवस, रोजी २,५०० ने १२,५०० रुपये. मॉडेल शिकवायला गूगल कोलॅब फुकट चालतं, घाई असेल तर महिनाभराची साधारण १० डॉलरची वर्गणी, म्हणजे ९०० रुपये. एकूण २२,५००. वर दहा टक्के हाताशी ठेवले, तर पावणेपंचवीस हजार. माणसांनी वाचलेल्या २,००० पैकी ५०० कॉमेंट मॉडेलला अजिबात दाखवू नका, बाजूला ठेवा. शेवटी परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची, आणि तिचा निकाल अहवालाच्या पहिल्या पानावर छापायचा.

तिसरा हिशेब कंपनीकडून करून घेण्याचा. मोठ्या परदेशी कंपन्या बहुधा दर छापत नाहीत, विचारल्यावर सांगतात, आणि करार वर्षाचा करायला लावतात. व्यावसायिक फ्रँचायझीला हे परवडतं आणि तिला त्याची गरजही असते, कारण मध्यरात्रीसुद्धा कुणीतरी लक्ष ठेवायला हवं असतं. जिल्हा संघटनेने या वाटेला जाऊ नये. जायचंच असेल, तर सही करण्याआधी त्यांना तुमच्याच खेळाच्या शंभर मराठी कॉमेंट द्या, निम्म्या रोमन लिपीतल्या, दहा-पंधरा उपरोधाच्या, आणि त्यांच्या साधनाने काय लेबल लावलं ते समोर बसून बघा. मजकूर अधिकृत वाटेने घेता की खरवडून, हे लेखी विचारा. करार तीन महिन्यांचा मागा. काम संपल्यावर लेबल लावलेला सगळा तक्ता तुमच्या हातात आला पाहिजे, नुसता पीडीएफ नको. आणि किंमत १८ टक्के जीएसटीसह सांगायला लावा.

नावं छापू नका

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्याचा अर्थ काहीही करा असा घेऊ नका. कॉमेंट लिहिणारी पुष्कळ मुलं शाळकरी असतात. नावं, छायाचित्रं, खात्यांची ओळख पहिल्याच दिवशी तक्त्यातून काढून टाका. अहवालात उदाहरण द्यायचं तर शब्द बदलून द्या, कारण जशीच्या तशी ओळ शोधयंत्रात टाकली की माणूस सापडतो. आणि अहवालात स्पष्ट लिहा, की हा कॉमेंट करणाऱ्यांचा मूड आहे. मॅट किंवा मातीच्या कडेला उभं राहून सामना पाहणाऱ्या, मोबाइलवर एक अक्षरही न लिहिणाऱ्या माणसाचा यात हिशेब नाही. त्याच्याकडे प्रश्नावली घेऊन जावंच लागतं.

मराठी खेळांच्या कॉमेंटचा, माणसांनी वाचून लेबल लावलेला मोठा खुला संच मला अजून दिसलेला नाही. म्हणून जो तो पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तेच सहा-साडेसहा हजार रुपये पुन्हा पुन्हा खर्च होतात. तुम्ही हे काम केलंत, तर कॉमेंटचा मजकूर न देता फक्त तिचा क्रमांक, लावलेली लेबलं आणि तुम्ही लिहिलेले नियम सर्वांसाठी खुले करा. कबड्डीवाल्याने केलेलं काम उद्या खो-खोवाल्याच्या उपयोगी पडेल आणि त्याचा खर्च निम्म्यावर येईल.